खुंट काढलात का? कसा? अनुभव सांगा

झाड तोडणारे आले, दोन तासांत फांद्या-खोड उचलून गेले आणि अंगणात दीड फूट रुंद खुंट तेवढा ठेवून गेले. तीनदा ठेच लागली. कुणी काय केलंत ते लिहा. फसलेलं आधी.

*

फसलेलं? घ्या. आमची सुबाभूळ होती. जमिनीसरशी कापली, आणि पहिल्या पावसात खुंटाभोवती पंधरा-वीस धुमारे! छाटले की दुप्पट. शेवटी दर आठवड्याला, पानं उघडायच्या आत खुडायचा नेम धरला. पानं नाहीत तर मुळांना अन्न नाही. दोन वर्षं लागली. मधे महिनाभर बाहेरगावी गेलो, तर परत पहिल्यापासून.

*

खणून काढणार असाल तर खोड छातीएवढं उंच ठेवायला सांगा, तीच तुमची तरफ. आम्ही आधी पाइपनं पाणी सोडून मुळांवरची माती धुतली. मातीत कुऱ्हाड मारली की धार गेलीच म्हणून समजा. बाजूची मनगटाएवढी मुळं तोडली तरी खोड हलेना. मग वरच्या टोकाला दोर बांधून दोन्हीकडून ओढत राहिलो. बऱ्याच वेळानं खालून कट्ट आवाज आला, सोटमूळ गेलं. ह्यांची कंबर पुढे चार दिवस धरली होती, ते वेगळं. आणि हो, नळाची लाइन कुठून जाते ते आधी बघा. आम्ही नंतर बघितली, कारंजं उडाल्यावर.

*

मी कुजवला. इंचभर रुंद, आठ-दहा इंच खोल भोकं, त्यात यूरिया आणि पाणी, वर ओलं गोणपाट आणि माती. लाकूड कुजवते ती बुरशी. तिला नायट्रोजन लागतो आणि लाकडात तो नसल्यात जमा. ओल सुटली की काम थांबतं. काही जण भोकांत एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट) भरतात, ते लाकूड सुकवायला, म्हणून दोन्ही एकदम करण्यात अर्थ नाही. तिसऱ्या वर्षी पहार आत गेली ती सरळ, ओल्या केकात सुरी जावी तशी. वर छत्र्या उगवतील, त्या खाऊ नका. भिंतीला लागून खुंट असेल तर हा उद्योग नको, वाळवी येते.

*

मशीन लावलं. अर्ध्या तासात वीतभर खोलीपर्यंत भुसा. तो हौसेनं वाफ्यात मिसळला आणि झाडं पिवळी पडली. वरच्यांनी सांगितलेलाच नायट्रोजन, भुसा कुजताना मातीतला ओढून घेतो. आता तो पायवाटेवर पसरलाय.

*

जाळू नका. वरची आग विझवली. तिसऱ्या दिवशी सहा फुटांवर, कुंपणापाशी धूर. मूळ आतून धुमसत होतं.

*

आमचा नारळाचा. तो फुटत नाही, शेंडा गेला की संपलं. वर कुंडी ठेवलीय.

*

ताई, उंच ठेवायचं आता सांगताय, करवत फिरून गेली! भोकं पाडायला घेतो. ड्रिल शेजारच्या काकांकडे आहे, यूरिया घरात आहेच.