सिंगापूरच्या तान किम सेंग कारंज्यामागची पैशाची भानगड काय आहे?

लालडबा_७४:
काल एस्प्लनेड पार्कात गेलो होतो, तिथं एक जुनं बिडाचं कारंजं आहे. सिंगापूरच्या वॉटर वर्क्सला तान किम सेंगने देणगी दिली म्हणून म्युनिसिपालटीने ते उभारलं, अशी पाटी आहे त्याच्यावर. घरी येऊन वाचलं तर देणगी 1857 ची, 13,000 डॉलर, आणि कारंजं 1882 चं! मधली 25 वर्षं काय चाललं होतं? आणि एवढं चालतं बंदर, मग प्यायच्या पाण्याला एका व्यापाऱ्याची देणगी कशाला लागावी?

काठावरचा:
बंदर चालतं होतं पण सरकारची तिजोरी नाही. फ्री पोर्ट ना ते, 1819 पासूनच जकात नाही, आणि नवा कर म्हटला की व्यापारी लगेच अर्ज घेऊन उभे. मग उत्पन्न कुठलं, तर मुख्य म्हणजे अफूचा आणि दारूचा मक्ता, एकट्या अफूचेच निम्म्याच्या आसपास. त्यात कारभार 1867 पर्यंत हिंदुस्थान सरकारकडे, म्हणजे मोठ्या खर्चाला कलकत्त्याची मंजुरी, आणि 1857 साली कलकत्त्याला सिंगापूरच्या नळांची काय पडलीय! तान किम सेंग मूळचा मलाक्काचा, पैसेवाला, त्याने बुकिट तिमाहहून पाणी आणायला पैसे दिले. ते चुकलेल्या प्लॅनमध्येच जिरले. नंतर थॉमसन रोडला तलाव बांधला (आजचा मॅकरिची), तो 1868 ला तयार, पण पंप नाहीत, पाइप नाहीत. पाणी गावात आलं 1878 च्या सुमाराला. धरण उशाला कोरड घशाला ते हेच.

लालडबा_७४:
अरे बापरे दहा वर्षं नुसता तलाव. तान किम सेंगला तरी बघायला मिळालं का?

काठावरचा:
नाही हो, तो 1864 लाच गेला.

पेठकरीण:
आमच्या पुण्याच्या बंडगार्डनचा बंधारा पण असाच की, 1850 चा, खर्चाचा मोठा वाटा मुंबईचे व्यापारी जमशेटजी जीजीभायांचा. मुंबईत उलटं झालं, विहार तलाव सरकारने बांधला, 1860 ला पाणी सुरू, आणि मग कर्ज म्युनिसिपालटीच्या डोक्यावर, म्हणजे शेवटी घरपट्टी पाणीपट्टी भरणाऱ्यांच्याच. मला विचाराल तर देणगीपेक्षा हे बरं, कटकट झाली तरी पाणी चार वर्षांत आलं.
बाय द वे 13,000 डॉलर कसे, कारभार कलकत्त्याचा तर रुपये नकोत का?

काठावरचा:
सरकारी हिशेब रुपयात, बाजार स्पॅनिश आणि मेक्सिकन चांदीच्या डॉलरवर. ईस्ट इंडिया कंपनीने रुपया लादायला बघितला, व्यापाऱ्यांनी दाद दिली नाही. अधिकृत डॉलर 1867 ला, कलकत्त्यापासून सुटल्यावर.

लालडबा_७४:
भारी. एकच राहिलं, वॉटर वर्क्सचं कारंजं असं बागेत बाजूला का?

काठावरचा:
आधी फुलर्टन स्क्वेअरला होतं, मग बॅटरी रोडला, बागेत आणलं 1925 मध्ये.