स्टीफनचं पंचक: ८ इंची न्यूटोनियनमधून शेपट्या येतील का?

कृष्णाकाठ: ८ इंची एफ/५ न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), गायडिंगचा माउंट (ताऱ्याचा अचूक माग ठेवणारा), मॉडिफाय न केलेला (लाल प्रकाश अडवणारा मूळ फिल्टर असलेला) डीएसएलआर. जागा वाईच्या पुढे, धोमच्या बाजूला. ऑक्टोबरच्या अमावास्येला स्टीफनचं पंचक, म्हणजे पाच दीर्घिकांचा समूह, घ्यायचंय. पाच ठिपक्यांपलीकडे, दीर्घिकांतून ओढल्या गेलेल्या ताऱ्यांच्या अंधुक शेपट्या मिळतील? एच-अल्फा फिल्टर (फक्त हायड्रोजनचा लाल प्रकाश सोडणारा) घेऊ का?

ध्रुवमत्स्य: एनजीसी ७३३१ ही मोठी दीर्घिका पंचकापासून जेमतेम अर्ध्या अंशावर आहे. तुमच्या १००० मिमी फोकल लेंग्थला दोन्ही एकाच फ्रेममध्ये बसतील.

उत्तराभाद्रपदा: दादा, या पंचकासाठी फिल्टर घेऊ नका. पाचपैकी चार दीर्घिका आपल्यापासून सेकंदाला सहा हजार किमीच्या आसपास वेगाने दूर जातायत. त्यामुळे त्यांचा हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६ नॅनोमीटरवरून ६७० च्या आसपास सरकलाय. ६५६ भोवतीचा ७ नॅनोमीटरचाच पट्टा सोडणाऱ्या फिल्टरमधून तो येणारच नाही. येईल तो फक्त पाचवीचा, एनजीसी ७३२० चा, कारण ती या कुटुंबातली नाहीच! ती साधारण ४ कोटी प्रकाशवर्षांवर, बाकीच्या चौघी २९ कोटींच्या आसपास. हे वेगळेपण तुमच्या साध्या कॅमेऱ्यात रंगातून दिसतं: ७३२० निळसर आणि दाणेदार, मागच्या पिवळट. मला या फोटोत सगळ्यात जास्त तेच आवडतं. एदुआर स्टीफनने १८७७ साली मार्सेयहून ८० सेंमीच्या दुर्बिणीतून हा समूह शोधला, पण हा रंग त्याला डोळ्याने दिसणं शक्य नव्हतं. आपल्याला २० सेंमीत मिळतो.

शेपट्या येतील, पण वेळ द्या. तीन-तीन मिनिटांच्या फ्रेम, मध्ये डिदरिंग (दर फ्रेमला दुर्बीण किंचित सरकवणं), एकूण निदान सहा तास. म्हणजे दोन रात्री धराच. मागच्या चौघींपैकी ७३१९ मधून निघालेली शेपटी आधी उमटेल. ऑक्टोबरअखेर रात्री नऊच्या सुमारास पंचक मध्यमंडलावर (उत्तर-दक्षिण रेषेवर), ७४ अंश उंच असतं. मेरिडियन फ्लिप (माउंटने दुर्बीण दुसऱ्या बाजूला उलटवणं) त्याच वेळी येईल, तेव्हा झोपू नका.

कृष्णाकाठ: ताई, फिल्टरचे पैसे वाचले! धरणाकाठी दव फार पडतं, त्याचं काय?

उत्तराभाद्रपदा: दुय्यम आरशाला हीटर लावा, तो आधी धुरकटतो. फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजेडाचे फोटो, धुळीचे डाग आणि कडेचा काळोख काढायला) त्याच रात्री, कॅमेरा न हलवता घ्या. फ्लॅट चुकले तर शेपटी आणि पार्श्वभूमीचा डाग वेगळे ओळखू येत नाहीत. आणि ध्रुवमत्स्य म्हणतात तसं ७३३१ फ्रेममध्ये घ्या, पण पंचक कडेला ढकलू नका. एफ/५ ला कोमा करेक्टर (कडेचे तारे नीट करणारं भिंग) नसेल तर तिथले तारे लांबट येतील.