अनुभव धागा : आटपाट नगर, मागचा पिंपळ आणि विहिरीच्या तळाचं दार

लोकमान्यनगरची

रामबागेतल्या आजोळच्या घराचा माळा उपसला काल. तांब्याचं घंगाळ खाली उतरवलं तर भलतंच जड. आत चांदोबा! मामाने सुईदोऱ्याने शिवून ठेवलेले गठ्ठे. झाडू तसाच टाकला आणि जिन्यात बसले. विक्रमाच्या खांद्यावर ते प्रेत, हातात तलवार, शंकर यांनी काढलेलं ते चित्र समोर आलं आणि मला थेट पाणी मारलेल्या गच्चीचा वास आला. आजीच्या गच्चीचा.

भाची शेजारीच होती. अकरावीत आहे, विटेएवढी इंग्रजी पुस्तकं वाचते. म्हणाली, "आत्या, ही कुठल्या प्रकारची फॅन्टसी? हाय, लो, पोर्टल?" तिने ती नावं समजावली आणि ऐकता ऐकता वाटलं, अगं, हे तर आजीला सगळं ठाऊक होतं. तिच्या गोष्टी तीनच तऱ्हांनी सुरू व्हायच्या.

"आटपाट नगर होतं." म्हणजे इंदूरहून तिथे जायला रस्ताच नाही. नदी तिथली, राजा तिथला, न्यायही तिथला. भाची याला हाय म्हणते. हाय म्हणजे दर्जाने वरची नव्हे, जगच दुसरं.

"आपल्या मागच्या पिंपळावर ना…" इथे आम्ही सगळी मुलं अंथरुणाच्या मधोमध सरकायचो. गल्ली आपली, जग आपलं, फक्त एक काहीतरी आत शिरलेलं. ही लो.

"एक मुलगा विहिरीत उतरला, तर तळाशी दार." ही पोर्टल.

पहिल्या वाक्यातच कळायचं, आज घाबरायचंय की हरवायचंय की नुसतं बघत राहायचंय. तुमचं सांगा. पहिली अद्भुत गोष्ट कोणती, आणि ती कुठून आत आली?

खजुरी_बाजार

विहीर. शंभर टक्के विहीर. पाचवीची सहल, मांडू. सगळे जहाज महालावर, मी चंपा बावडीत वाकलेलो. ती बावडी खालच्या तळघरांना जोडलेली आहे हे कळल्यावर मला परत बसमध्ये बसायचंच नव्हतं. बाईंनी दंड धरून आणलं. आज चाळीस वर्षं झाली, तो अंधार डोळ्यांसमोर आहे.

दाराच्या गोष्टींना एक शिस्त असते बरं का. नायकाला पलीकडचं काही माहीत नसतं, आपल्यालाही नसतं, दोघं बरोबरीने शिकतात. आणि घरी यायचं असतं. १९५० साली आलेल्या नार्नियाच्या त्या कपाटाच्या गोष्टीत मुलं पलीकडे राज्य करून मोठी होतात, परत येतात तर इकडे घड्याळ हललेलंच नाही.

त्या विहिरीतल्या मुलाचं पुढे काय झालं ताई?

लोकमान्यनगरची

अय्या, खरंच आठवत नाही. आईला विचारते, आत्ता झोपलीय.

पोहे_जिरावण

यक्कू!!!

सुदामानगर_२

वाचूनच हसू फुटलं. रविवारची सकाळ, पोहे-जलेबी आणि दूरदर्शनवर चंद्रकांता. आमच्याकडे शेजारची पाच मुलं यायची, क्रूरसिंह दिसला की सगळी एकदम यक्कू ओरडायची आणि आजोबा आतून काठी आपटायचे.

जुना_माळवी

चंद्रकांता निघालीच आहे तर मनातलं बोलतो. मालिका १९९४ ची, कादंबरी १८८८ ची, आणि दोन्हींची जात वेगळी आहे. माझ्या आजोबांची हिंदी बाबू देवकीनंदन खत्रींच्या कादंबऱ्यांवर पोसलेली. त्यांची प्रत मी आठवीत घेतली आणि मालिकेतली जादू त्यात शोधत बसलो. सापडेना! ऐयार, म्हणजे राजांचे बहुरूपी हेर, वेष पालटतात ते रंग-रोगण लावून. शत्रूला बेशुद्ध करतात ते पूड हुंगवून, शुद्धीवर आणतात लखलखा हुंगवून. तिलिस्म, म्हणजे ती मंतरलेली वाटणारी जागा, सुद्धा जुन्या कारागिरांची करामत, कळ फिरवली की दगड सरकतो. खत्री चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घ्यायचे, पडके किल्ले त्यांच्या रोजच्या पाहण्यातले, तिथून हे उगवलं.

मग जादूच नसेल तर फॅन्टसी म्हणायची का? मी म्हणतो, म्हणायची. खुलासा शेवटी येतो, तोवर वाचणारा तिलिस्मातच असतो. मला आठवतं, आजोबांच्या खाटेखाली बसून वाचताना मला कळ दिसत नव्हती, दार उघडताना दिसत होतं.

रीगल_चौराहा

काका, मान राखून सांगतो, नाही पटत. खरी जादू तिलिस्म-ए-होशरुबा या उर्दू दास्तानमध्ये. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून तिचे खंड काढले. तिथला अफ्रासियाब खरोखरचा जादूगार बादशहा आहे आणि अमर ऐयारच्या झोळीत वाट्टेल ते मावतं. तिथे मंत्र चालतो, कळ नाही. खत्रींची कळ विज्ञानकथेच्या अंगणात जाते.

जुना_माळवी

भिया, १८८८ मध्ये ती विज्ञानकथा म्हणून कुणी वाचली? ती वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले असं आजोबा सांगायचे.

रीगल_चौराहा

हे मात्र माझ्या आजीनेही सांगितलंय. मान्य. पण जात वेगळीच.

तिळगूळ_बाई

मुलांनो, हिंदी-उर्दूचं चाललंय ते गोड आहे, पण आपल्या घरचं विसरू नका. मी तीस वर्षं मराठी शिकवलं. मराठी कादंबरीचं बाळपणच अद्भुतात गेलं. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची मुक्तामाला १८६१ ची, रिसबुडांची मंजुघोषा १८६८ ची. राजकन्या, ताटातूट, कारस्थानं, योगायोगांवर योगायोग. त्यांना अद्भुतरम्य म्हणतात, आणि त्यातला 'रम्य' हा अर्धा भाग महत्त्वाचा. भयकथेतही अद्भुत असतं, पण ती तुम्हाला खोलीबाहेर पळवते. अद्भुतरम्य गोष्ट खोलीत बसवून ठेवते. पिंपळावरचा मुंजा कुठे धरायचा ते सांगणाऱ्याच्या आवाजावर असतं. माझी आई मुंजाला इतकं एकटं, इतकं भुकेलं करायची की आम्ही त्याच्यासाठी पोळी ठेवायला निघायचो.

लोकमान्यनगरची

बाई, पोळी ठेवायला! डोळे भरले.

पोहे_जिरावण

एक प्रश्न, कुणी रागावू नका. मग रामायण-महाभारत पण फॅन्टसीच का? ऑफिसात यावरून परवा बरीच तणातणी झाली.

तिळगूळ_बाई

माझ्या मते नाही बाळा. फॅन्टसीत सांगणारा आणि ऐकणारा, दोघांनाही ठाऊक असतं की हे रचलेलं आहे, आणि तरी दोघं मनापासून त्यात राहतात. जिथे हात जोडले जातात तिथे तो करारच वेगळा. त्या कथांवर आज कुणी नवी कादंबरी लिहिली, तर ती कादंबरी फॅन्टसीत जाईल. मूळ नाही.

सुदामानगर_२

घंगाळ विकणार आहात का ताई? आम्हाला दिवाळीच्या अभ्यंगाला हवंय. आजकाल तेवढं जाड मिळत नाही.

लोकमान्यनगरची

नाही हो, मामाचा जीव आहे त्यात. चांदोबापेक्षा जास्त.

वीटभर_पुस्तक

मी ती भाची. आत्याने ओढून आणलंय. मला एकच सांगायचंय. काल पहिल्यांदा वेताळ मन लावून वाचला आणि रात्री झोप नाही आली.

आमच्या वाचणाऱ्यांत एक नियम फार चालतो. फॅन्टसी लिहिणाऱ्या ब्रँडन सँडरसनने २००७ मध्ये लिहिलेला. जादूने कोडं सोडवायचं असेल तर ती जादू वाचणाऱ्याला जितकी नीट कळलेली, तितकंच तिच्याकडून काम करून घ्यावं. नियम उघड असतील तर हार्ड मॅजिक, धुक्यात ठेवले तर सॉफ्ट. मला वाटायचं ही अगदी नवी गोष्ट आहे. आणि वेताळ काय म्हणतो? बोललास तर मी परत झाडावर. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याच्या ठिकऱ्या. दोनच अटी! त्यांच्यावर पंचवीस गोष्टी उभ्या. आणि शेवटच्या कोड्याचं उत्तर राजाला खरंच येत नाही, म्हणून तो गप्प राहू शकतो आणि म्हणूनच सुटतो. जादूचा नियम न मोडता सुटका. कथासरित्सागरवाल्या सोमदेवाने काश्मिरात अकराव्या शतकात हे लिहून ठेवलंय. आणि उज्जैन इथून तासा-दीड तासावर. मला कुणी आधी का नाही सांगितलं?

खजुरी_बाजार

बेटा, तुझी आत्या सांगत असणार, तेव्हा तुझ्या कानात हेडफोन असतील.

वीटभर_पुस्तक

असं असू शकतं काका. आता काढून ठेवलेत.

स्कीम_५४

घाईत लिहितेय, कुकर लावलाय. माझा मुलगा आणि त्याचे मित्र शनिवारी फासे टाकून तो डन्जन्स अँड ड्रॅगन्सवाला खेळ खेळतात, १९७४ पासूनचा आहे म्हणे. मी चहा द्यायला गेले आणि दोन तास तिथेच. त्याने मला तलवार-आणि-जादू हा प्रकार समजावला. फ्रिट्झ लायबर या लेखकाने १९६१ मध्ये ते नाव सुचवलं, पण रॉबर्ट हॉवर्डचा तलवारबाज नायक कॉनन १९३२ मध्येच आलेला. हाय फॅन्टसीत जग वाचवायचं असतं. इथे आपली मान वाचवायची, जमलं तर थोडं सोनं, आणि उद्याचं उद्या. लॉर्ड ऑफ द रिंग्जवाल्या टोळकिनसारखी भाषा-वंशावळी-नकाशे यांची बैठक इथे नसते. मुलगा म्हणाला, आई, तुझं रोजचं हेच आहे. मला ते फार आवडलं. शिट्टी झाली, पळते.

रात्रपाळी

मी सहसा लिहीत नाही.

बाबा दवाखान्यात होते तेव्हा बाकड्यावर बसून वाचायचो. आधी ग्रिमडार्क वाचायचो, जिथे सगळेच मळलेले, भला माणूस आधी मरतो. ते नाव वॉरहॅमर ४०,००० या १९८७ च्या खेळाच्या घोषवाक्यातून आलंय. एरवी मला तो प्रकार आवडतो, तो खोटा दिलासा देत नाही. पण त्या तीन आठवड्यांत एक पान पुढे जाईना. मग मैत्रिणीने २०२२ चं एक पुस्तक पाठवलं. त्यात एक दांडगी ऑर्क, म्हणजे राक्षसासारख्या जमातीची, बाई तलवार टांगून ठेवते आणि कॉफीचं दुकान काढते. जगाचा अंत नाही, दुकान चालेल की नाही इतकीच काळजी. याला कोझी म्हणतात. बाबांना रोज रात्री मराठीत सांगायचो. ते विचारायचे, "आज गिऱ्हाईक आलं का रे?" घरी आले, आता बरे आहेत. अजूनही विचारतात.

तिळगूळ_बाई

बाबांना नमस्कार सांग.

सुदामानगर_२

माझाही. आणि रात्री काही लागलं तर सांगा, आम्ही जवळच आहोत.

सराफा_बारा_वाजता

उशीर झाला, दुकान बंद करून आलो. आमचं चांदीचं आहे, सराफ्यात. तुम्ही सगळे नगर, विहीर, पिंपळ म्हणताय, माझी गोष्ट आमच्या ओट्यावर घडते. लहानपणी वडील शटर ओढायचे आणि त्याच ओट्यासमोर भुट्ट्याच्या किसाची कढई लागायची. दिवसा जिथे रत्तीचा हिशेब, रात्री तिथेच जलेबा, गराडू, शेकडो माणसं. मला वाटायचं एक बाजार झोपला की दुसरा त्याच्याच अंगावर जागा होतो, आणि मधल्या दहा मिनिटांत कुणीतरी तिसरं येऊन जातं. आज ज्याला अर्बन फॅन्टसी म्हणतात ते वाचलं तेव्हा हेच ओळखीचं वाटलं. पिंपळावरचं काही शहरात शिरतं आणि निघून जातं, तशी ही नव्हे. इथे ते इथेच राहतं, भाडं भरतं, वाद घालतं. शहर काढून घेतलं तर गोष्टच उरत नाही. कुणीतरी इंदूरची अशी मराठीत लिहा हो. मधल्या दहा मिनिटांची.

वीटभर_पुस्तक

काका, ती दहा मिनिटं मी येऊन बघू?

सराफा_बारा_वाजता

आत्याला घेऊन ये. गराडू माझ्याकडून.

पोहे_जिरावण

गराडूला थंडी पडू द्या आधी. आत्ता मिळतो तो तळलेला नुसता रताळ्यासारखा लागतो.

सराफा_बारा_वाजता

बरोबर. डिसेंबर ठरलं.

लोकमान्यनगरची

आई उठली, विचारलं. खजुरी_बाजार, ऐका. मुलगा दारातून गेला, तिथे बारा वर्षं एका आंधळ्या माळ्याकडे राहिला, बाग लावली, मग दोर धरून वर आला. तर चुलीवरचं वरण अजून रटरटत होतं आणि आईने विचारलं, पाणी आणलंस का.

मी तेवढ्यात मामाला फोन लावला. मामा म्हणतो, चूक, तो वर आलाच नाही, घागर तेवढी आली, आणि तिच्यात मोगऱ्याची फुलं होती. आजीने त्याला तशीच सांगितलेली. आता फोन आईच्या हातात आहे, दोघांचा आवाज चढलाय, आणि मामा घंगाळाची शपथ घालतोय. मी कणीक मळायला घेते.