कृषिदूतांचा ई-पोर्टफोलिओ : गुण नेमके कशाला द्यायचे?

मखमलाबादकर :
नाशिकजवळच्या एका कृषी महाविद्यालयात शिकवते. शेवटच्या वर्षाची मुलं-मुली (यांनाच कृषिदूत, कृषिकन्या म्हणतात) ग्रामीण कार्यानुभवासाठी निफाड-दिंडोरीकडच्या गावांत जातात. यंदा जाडजूड फाइलऐवजी गूगल साइट्सवर ई-पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदींची वेबसाइट, करायला लावला. आलं काय? फोटो. बोर्डो मिश्रणाचं (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) प्रात्यक्षिक, मागे बॅनर, मध्ये सरपंच, सगळे हसतमुख. 'शेतकऱ्यांचा उदंड प्रतिसाद लाभला' हे वाक्य तर सगळीकडे. गुण कशाला देऊ?

बीएडवाला :
मॅडम, आमच्या इंटर्नशिपच्या वह्यांतही उदंड प्रतिसादच असतो! फोटोंना गुणच ठेवू नका. गोळा काहीही करू देत, तपासायला मात्र स्वतः निवडलेल्या तीनच नोंदी द्यायच्या. प्रत्येकीखाली लिहायचं : हीच का निवडली, काय फसलं, पुन्हा केलं तर काय बदलेन. फसलेलं लिहिलं म्हणून गुण जाणार नाहीत, हे आधीच सांगा. नाहीतर कोण लिहील?

मखमलाबादकर :
अशी एक नोंद सापडली खरी. "१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, सगळं पुस्तकाप्रमाणे. लोखंडी सुरी बुडवली तर तांबूस थर आला, म्हणजे चुना कमी पडला. चुना जुना, हवा लागलेला होता. चुन्याची निवळी घालून परत तपासलं. शेतकरी काका म्हणाले, बॅनरच्या आधी सुरी काढायची." फोटो नाही म्हणून सहकाऱ्यांनी या कृषिकन्येचे गुण कापलेत. उद्या भांडणार आहे.

सातपूरचा सिस्टिमवाला :
भांडाच. पण त्याआधी साइट कुणाला दिसते ते बघा. गावाच्या सर्वेक्षणात शेतकऱ्याचं उत्पन्न, कर्ज, फोन नंबर असतो, ते जगजाहीर नको. दुसरं, कॉलेजच्या मेलवर केलेली साइट खातं बंद झालं की गेली. मुलांना प्रत आधीच काढून ठेवायला सांगा. सर्व्हर सांभाळणारं कुणी असेल तर 'महारा' बघा. ई-पोर्टफोलिओसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, पान कुणाला दाखवायचं ते विद्यार्थी ठरवतो आणि तपासणीला दिलं की शिक्षक सोडेपर्यंत ते बदलता येत नाही. आणि फोटो व्हॉट्सॲपवरून गोळा करू नका, नेहमीसारखा पाठवला की त्यातली तारीख-ठिकाणाची माहिती निघून जाते.

मखमलाबादकर :
फोन नंबर आहेत. आत्ताच बघितलं. आज रात्री सगळ्या साइट बंद करायला लावते, गुणांचं उद्या.