जुन्या जिप्सीचे काम घरी करावे, पण कुठपर्यंत?

रानवाट_97
माझ्याकडे 1997 ची कार्ब्युरेटरवाली मारुती जिप्सी किंग (जीपसारखी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी) आहे. ताशी 50 च्या पुढे एखाद्या खड्ड्यातून चाक गेले की स्टिअरिंग हातात थडथडू लागे. दोन गॅरेजांनी बॅलन्सिंग केले, स्टिअरिंगचे झटके शोषणारा डँपर बदलला, पैसे घेतले आणि थडथड तशीच राहिली. अखेर पुढचा ॲक्सल घोड्यांवर (लोखंडी स्टँडांवर) घेऊन चाक वर-खाली धरून हलवले, तर प्ले (ढिलेपणा) होता. मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगितले, तरीही तो गेला नाही. म्हणजे दोष व्हील बेअरिंगचा नसून, ज्यावर पुढचे चाक डावी-उजवीकडे वळते त्या किंगपिनचा, हे स्पष्ट झाले. नकल (ॲक्सलच्या टोकाचा, किंगपिनची बेअरिंग असलेला भाग) उघडल्यावर ग्रीसच्या जागी तांबूस चिखल निघाला आणि खालच्या बेअरिंगच्या वाटीत रोलरांनी ओळीने खड्डे पाडलेले दिसले. बेअरिंग व सील बदलून, शिम (जागा भरणाऱ्या पातळ चकत्या) मोजून परत बसवायला दोन रविवार गेले.

माझे मत असे की एवढी साधी गाडी मालकाने स्वतःच उघडावी, आणि दुरुस्तीवरच थांबू नये. पुढच्या महिन्यात गाडी उंच करणारे लांब शॅकल (स्प्रिंगचे पाटे गाडीच्या सांगाड्याला जोडणारे दुवे) आणि मोठे 235/75 आर15 टायर घरीच बसवणार आहे.

घाटमाथा
निदान उत्तम केलेत. बेत मात्र पटला नाही. पुढे लांब शॅकल लावले की ॲक्सल किंचित फिरतो, कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची ओढ घटते. जी थडथड दोन रविवार खपून घालवलीत, तिलाच हे आमंत्रण आहे.

टायरचेही गणित करा. मूळ 205/70 आर15 चा व्यास सुमारे 668 मिमी आहे आणि तुमच्या टायरचा 733. म्हणजे काटा 60 दाखवील तेव्हा गाडी 66 ने धावत असेल, गिअरिंग तेवढेच लांबेल आणि ब्रेकना तेवढेच जास्त झुंजावे लागेल. शिवाय गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहेच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल चालणार नाहीत असे म्हटले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी तपासणीसाठी उभे राहावे लागते, हे विसरू नका.

जांभा_दगड
आपण दोघेही चुकीच्या जागी रेघ ओढत आहात, असे मला वाटते. आमच्याकडे रत्नागिरीला खारी हवा चॅसी खाते. पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड केला तर ती दुरुस्ती म्हणायची की बदल? चांगल्या फॅब्रिकेटरने केलेल्या बदलाची मला भीती वाटत नाही, घरी केलेल्या दुरुस्तीची वाटते. मी स्वतः मागचा गंजलेला ब्रेक पाइप बदलला, घाईघाईत ब्रेकच्या नळीतली हवा काढली आणि समजलो की काम झाले. अंगणात पेडल कडक लागत होते. उतारावर तिसऱ्यांदा दाबले तेव्हा ते थेट तळाला टेकले. हँडब्रेक आणि गिअरवर गाडी थांबली, म्हणून हे लिहितो आहे. इंजिन बिघडले तर गाडी उभी राहते, ब्रेक बिघडला तर ती उभी राहत नाही. म्हणून ब्रेक रोज तेच काम करणाऱ्याकडेच द्यावेत.

रानवाट_97
ब्रेकचे मान्य. शॅकलचा बेतही सोडतो, कारण शॅकलने फक्त बॉडी उचलली जाते. डिफरन्शियलचा गोळा (ॲक्सलच्या मधली गिअरपेटी) होता तिथेच राहतो, आणि वेल्ह्याच्या दगडांवर आपटतो तो गोळाच. त्याला वर नेणारी गोष्ट टायर आहे. 235 ने 33 मिमी मिळतात, ते मी का सोडावेत?

घाटमाथा
कारण शॅकलविना तो टायर पूर्ण वळणावर आणि पाटे दबल्यावर फेंडरला घासेल. एक घेतले की दुसरे घ्यावेच लागते. 215/75 पाहा: सुमारे 18 मिमी उंची मिळते आणि काट्यातली चूक पाच टक्क्यांवर राहते.

रानवाट_97
कलम 52 मग 215 ला लागत नाही का?

घाटमाथा
लागते. म्हणून माझ्या गाडीला अजून 205 च आहेत. दगडांवर हवा कमी करतो आणि बरोबरच्या माणसाला खाली उतरवून गोळ्याकडे बघायला लावतो.