व्हर्टिकल वेल्ड दोनदा फेल, तिसरी टेस्ट नऊ दिवसांवर. मदत हवी आहे

पुन्हा_एकदा:
वेल्डिंगचा कोर्स करतोय. उभ्या जोडणीच्या टेस्टमध्ये दोनदा फेल. तिसरी संधी नऊ दिवसांनी, तीही गेली तर बॅचमधून बाहेर. वय 42, बाकीची पोरं विशीतली. मधली चार वर्षं वाया गेलीत, आता आणखी घालवायला नाहीत. काय चुकतंय तेवढं सांगा, लवकर. 'सराव करा' लिहू नका, तो रोज चालूच आहे.

ठिणगी:
अहो, पण रॉड कुठला? अँपिअर किती? फेल म्हणजे नुसतं बघून की बेंडमध्ये? ज्योतिषाला पत्रिका न दाखवता भविष्य विचारताय.

पुन्हा_एकदा:
7018, 3.15 चा. मशीन 150 वर. पट्टी वाकवली की मधोमध चीर उघडते. 3 मिमीपर्यंत चालते, माझी चांगली नखभर उघडली.

ठिणगी:
खालून वर चढताना 150 म्हणजे रस ओघळणारच. 110-120 वर या. दोन्ही कडांना क्षणभर थांबा, मधून पटकन सरका. मध्ये रेंगाळलात तर पोट सुटतं आणि कडा खाल्ल्या जातात. आणि होल्डर प्लसला आहे ना ते बघा.

जुना_फोरमन:
अँपिअर सोडा हो, रॉड ओले असणार! पाकीट फोडून उघडं ठेवलं की 7018 चं कोटिंग हवेतली ओल ओढून घेतं. आर्कमध्ये त्या ओलीचा हायड्रोजन होतो आणि वेल्डला तडा जातो. रॉड 120 अंशांच्या आसपास ओव्हनमध्येच ठेवायचे. कुणाच्या खिशात रॉड दिसला तर मी तिथेच मोडून टाकायचो.

ठिणगी:
काका, शिकाऊ पट्टीवर मधोमध चीर म्हणजे आधी मुळाशी जोडच लागला नसेल हे बघायचं. प्रत्येक धाग्यावर तुमचं ओव्हन.

जुना_फोरमन:
तीस वर्षं तेच ओव्हन बघितलंय म्हणून सांगतोय.

फाटकवाला:
अवांतर: घराच्या फाटकाची बिजागरी निखळली आहे. 6013 रॉडने घरच्या घरी टाके मारले तर चालेल का?

क्लिकक्लिक:
या वयात धूर आणि ठिणग्या कशाला? संगणकावर हिशोबाचं काम शिका, बसून करता येतं. माझ्या मेव्हण्याने तेच केलं.

पुन्हा_एकदा:
मी करिअर विचारलेलं नाही.

सावली:
मी वेगळंच विचारते. कोर्समध्ये मेंटर दिलेत का कुणी? असतील तर हा प्रश्न त्यांना सोडून इथे का?

पुन्हा_एकदा:
आहेत. रिटायर्ड वेल्डर, दर शनिवारी येतात. मी 'चाललंय' एवढंच सांगतो. टेस्ट त्यांच्यासमोर झालेल्या नाहीत.

सावली:
का सांगत नाही?

पुन्हा_एकदा:
लिहायचं नव्हतं. हात थरथरतो. दारू सोडून 14 महिने झाले, त्यांना यातलं काही माहीत नाही. नोकरीसाठी शब्द तेच टाकणार आहेत. कळलं तर कोण टाकेल?

सावली:
दादा, नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर नऊ वर्षांच्या खंडानंतर मी मशीन शॉपचं ट्रेनिंग घेतलं. व्हर्नियर वाचता येत नव्हता. 0.02 ची ती रेघ कुठली जुळली, मला दिसायचीच नाही. तीन आठवडे शेजारणीच्या वहीतलं माप उतरवलं. आमच्या मॅडमनी पकडलं, कारण तिची चूक आणि माझी चूक दशांशापर्यंत एक यायची. रागावल्या त्या मापावरून नाही, तीन आठवड्यांवरून. मेंटर नुसत्या चिठ्ठीपुरता ठेवलात तर तुमचा हात बघणार कोण?

जुना_फोरमन:
हे आधी लिहायचंत ना राव! सोडल्यावरची थरथर एवढे महिने सहसा टिकत नाही, डॉक्टरांना दाखवा. मनाने गोळ्या नको. चहा-कॉफी जास्त असेल तर कमी करा. वेल्ड मारताना केबल खांद्यावरून घ्या, तिचं वजन मनगटावर लोंबकळू देऊ नका. कोपर बरगडीला टेकवा, डाव्या हाताने उजवं मनगट धरा. रॉड साडेतीनशे मिमी लांब, मनगट जरा हललं तरी टोक भरकटतं. आर्क लांबला की छिद्रं आलीच.

ठिणगी:
यावर काकांशी शंभर टक्के सहमत. (पहिल्यांदाच.)

फाटकवाला:
माझं राहिलंच.

जुना_फोरमन:
काचेशिवाय आर्ककडे बघू नका, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होईल. बाकी कारागीर बोलवा.

पुन्हा_एकदा:
काल शनिवार होता. सांगितलं. सर बराच वेळ हातमोजे झटकत बसले, मग म्हणाले, "फुटलेली पट्टी आण." ती मी कपाटामागे टाकली होती. शोधून आणली. चिरेत काळी रेघ होती, पहिल्या थराचा स्लॅग, म्हणजे वेल्डवर जमणारी कोटिंगची कडक खपली. मी दोन टोले मारून पुढचा थर चढवत होतो, कोपऱ्यातला तसाच राहायचा. म्हणाले, थरथर नंतर बघू, आधी घाई बघू. आता प्रत्येक थरानंतर चिपिंग, तारेचा ब्रश, गरज पडली तर ग्राइंडर, आणि त्यांना दाखवल्याशिवाय पुढचा थर नाही. मशीन 115 वर. मंगळवारी डॉक्टरांकडे जातोय. शब्द टाकण्याचं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

सावली:
पुढच्या शनिवारीही नका विचारू.

जुना_फोरमन:
ते ठीक. पण रॉड ओव्हनमधलेच वापरताय ना?