मदत हवी आहे: श्टुटगार्टच्या चढासाठी देखणी हलकी ई-सायकल की दणकट जड?

नमस्कार मंडळी,

जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. घर खाली हेसलाखमध्ये, ऑफिस वर फाइंगनला. ज्यांनी हे गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी: मूळ शहर खोलगटात आणि कामधंद्याच्या बऱ्याच जागा वरच्या पठारावर. कालटेंटालमधून सायकलमार्ग धरला की दीडशे मीटरांहून जास्त चढ अंगावर येतो. साध्या सायकलने गेलो तर शर्ट बदलल्याशिवाय मीटिंगला बसायची सोय नाही. मारियनप्लाट्झहून दातेरी रुळांची गाडी सायकलीसकट वर डेगरलोखला नेते, पण मला तो वळसा पडतो.

आता कंपनीने सायकल लीजिंग सुरू केलंय. तीन वर्षांचा करार, हप्ता करापूर्वीच्या पगारातून, आणि कर मोजताना किमतीचा पाव भागच धरतात, त्याचा १ टक्का दरमहा करपात्र उत्पन्नात मिळवतात. त्यामुळे चार हजार युरो हा आकडा एकदम माणसात आल्यासारखा वाटतोय. (आईला रुपयांत सांगितलं. "एवढ्यात घरात सगळ्यांना ॲक्टिव्हा येतील," म्हणाली. हिशेब चुकीचा नाही.)

जीव जडलाय तो स्पेशलाइज्ड कंपनीच्या टर्बो वाडो एसएल या ई-सायकलवर, पहिल्या पिढीच्या. ई-सायकल आहे हे सांगावं लागतं. मोटर पेडलांच्या मध्ये बसवलेली, तारा फ्रेमच्या आत, बॅटरी खालच्या नळीत, आणि ती नळी साध्या सायकलीपेक्षा थोडीशीच जाड. किती चार्ज उरलाय ते वरच्या नळीत बसवलेल्या बारीक दिव्यांवर दिसतं. वजन सुमारे १५ किलो, दुकानात मी एका हाताने उचलली. इथल्या कायद्याप्रमाणे ताशी २५ किमीला मोटर हात काढून घेते, तरी सपाटीवर सायकल पळत राहते.

घोडं अडतंय ते या देखणेपणातच. बॅटरी दिसत नाही, कारण ती रोज काढायची सोयच नाही. आमच्या तळघरात प्लग नाही, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे चार्जिंगसाठी अख्खी सायकल वर.

दुसरी बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्स मोटरची ट्रेकिंग सायकल. टॉर्क, म्हणजे मोटरचा फिरवण्याचा जोर, ८५ न्यूटन-मीटर, वाडोचा ३५. बॅटरी किल्ली फिरवून काढायची आणि हातात घेऊन वर जायचं. पण वजन २५ किलो, आणि बघत राहावं असं तिच्यात काही नाही.

तर विचारायचं असं, की माझं वजन ८५ आणि पाठीवर लॅपटॉप, ३५ न्यूटन-मीटर चढाला पुरतील का? शिवाय अशा सगळं आत दडवलेल्या सायकलींची पुढे दुरुस्ती कशी होते? ॲमस्टरडॅमच्या व्हॅनमूफ या ई-सायकल कंपनीचं जुलै २०२३ मध्ये दिवाळं निघालं, तेव्हा खास त्यांचेच सुटे भाग असलेल्या सायकली घेऊन लोक अडकले होते. आणि काही वर्षांनी पुण्याला परतायचा विचार आहे. तिथे २५० वॉट आणि २५ किमीच्या आतल्या सायकलला नोंदणी लागत नाही, पण विमानात प्रवाशाला १६० वॉट-तासांवरची बॅटरी नेता येत नाही. वाडोची ३२० ची. घरसामानाबरोबर जहाजाने कुणी पाठवली आहे का?

प्रतिसाद १

टॉर्कच्या आकड्याला घाबरू नका. मोटर पेडलांपाशी आहे, म्हणजे तिचा जोर गिअरमधून जातो. हलका गिअर टाका, पाय भरभर फिरवा, चढेल. फक्त पाय तुम्हालाही मारावे लागतील, सीएक्सवर नुसते फिरवले तरी भागतं.

बॅटरीचा हिशेब करू. तुम्ही, सायकल, दप्तर मिळून १०५ किलो. १८० मीटर चढ धरला तर निव्वळ उंचीसाठी ५० वॉट-तासांच्या आसपास. निम्मं काम तुमचे पाय करणार, पण मोटरमध्ये थोडं वाया जातं, म्हणून बॅटरीतून ३०-३५ धरा. बाकी रस्त्याचे थोडे वर. उतरताना खर्च जवळजवळ शून्य. म्हणजे रोज चार्जिंग नकोच, आठवड्यातून दोनदा पुष्कळ. ऑफिसमध्ये प्लग मिळतो का विचारा, जिने चढायचा प्रश्नच मिटेल.

प्रतिसाद २

वरचं पटलं, पण हिवाळा विसरू नका. थंडीत बॅटरी कमी चालते, आणि न निघणारी बॅटरी सायकलबरोबर तळघरातच गारठते. जहाजाचं म्हणाल तर लिथियम बॅटरी धोकादायक मालात मोडते. मूव्हर्सना आधीच लेखी विचारा, ऐनवेळी खोक्यातून बाहेर काढतात. मी तर लीज संपल्यावर इथेच सोडून देईन.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. ऑफिसच्या गॅरेजमध्ये भिंतीला प्लग आहे, वापरू देतात का ते सोमवारी विचारतो. दुकानदार चाचणीसाठी सायकल द्यायला तयार आहे, लॅपटॉप पाठीवर टाकून कालटेंटालचा चढ चढून बघतो. जहाजाचा अनुभव असलेलं कुणी असेल तर अजूनही लिहा.